गाठीचा निवाडा



३० सप्टेंबर १८११ या दिवशी दुपारी पॅरिसमधील एका घरापुढे घोडागाड्या येऊन थांबल्या आणि काळे कपडे घातलेले सात पुरुष न विचारता आत आले. घरातल्या बाईंना या भेटीची सूचना त्याच दिवशी सकाळी मिळाली होती. या बाई म्हणजे इंग्रजी कादंबरीकार फॅनी बर्नी. 'एव्हेलिना' या त्यांच्या १७७८ सालच्या कादंबरीने एके काळी सारे लंडन वेडे करून सोडले होते. आता त्या ५९ वर्षांच्या होत्या, एका फ्रेंच सेनाधिकाऱ्याच्या पत्नी होत्या आणि त्यांच्या उजव्या स्तनात गाठ होती. आलेल्या मंडळींत नेपोलियनच्या फौजेचा नामांकित शल्यवैद्य लारे होता. भूल देण्याची विद्या अद्याप जगात यायची होती. ईथर आले ते १८४६ साली. बाईंना थोडे मद्य दिले, खाटेवर निजवले आणि तोंडावर एक तलम रुमाल टाकला. रुमाल इतका पातळ की त्यातून त्यांना सगळे दिसत होते. एका वैद्याचे बोट हवेत फिरताना त्यांनी पाहिले. आधी एक उभी रेघ, मग फुली, मग एक पूर्ण वर्तुळ. त्या मुक्या खुणेचा अर्थ त्यांना तत्काळ कळला : सगळाच स्तन काढायचा. तोंडाने कोणी काही बोलले नव्हते, आणि त्यांना तर कोणी विचारलेच नव्हते.

ही हकीकत आपल्याला ठाऊक आहे ती त्यांनीच पुढच्या वर्षी एस्थर या आपल्या बहिणीला लिहिलेल्या लांबलचक पत्रामुळे. पत्र पुरे व्हायला कित्येक महिने लागले, कारण लिहिलेले पुन्हा वाचण्याचे धैर्य होत नव्हते. शस्त्रक्रिया वीसेक मिनिटे चालली. बाई बचावल्या, इतकेच नव्हे तर त्यानंतर २८ वर्षे जगल्या आणि १८४० च्या जानेवारीत, वयाच्या ८७ व्या वर्षी वारल्या.

आता माझा प्रश्न असा. ती गाठ कर्करोगाची होती काय? वैद्यांनी ती कर्करोगाचीच मानली. तसे असेल तर लारेने एका बाईचा जीव वाचवला, आणि तोही भूल नाही, जंतुघ्न औषध नाही अशा काळात. पण ती गाठ साधी असेल, तर धडधाकट बाईच्या अंगावर तिला जागी ठेवून वीस मिनिटे सुरी चालवली गेली ती व्यर्थ. दोन्ही गोष्टी संभवतात, आणि यांतली खरी कोणती हे आता कोणालाही सांगता येणार नाही. गाठीचा तुकडा घेऊन तो काचेखाली पाहावा ही रीतच तेव्हा नव्हती. या एका रीतीचा इतिहास मी आज आपल्यापुढे मांडणार आहे. तुकडा केव्हा तपासायचा, सुरी चालण्याआधी की नंतर, आणि त्याचा निकाल आधी कोणाच्या कानी जायचा, या दोन प्रश्नांभोवती तो इतिहास फिरत आला आहे.

काचेच्या आधी हात होता. तो हात अडाणी नव्हता, हे मी आवर्जून सांगतो. ईजिप्तमधील एका भूर्जासारख्या गुंडाळीत (एडविन स्मिथ नावाच्या अमेरिकनाने ती १८६२ साली लुक्सॉर येथे विकत घेतली, लिखाण सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे) छातीवरच्या गाठीवर हात ठेवून ती गार लागते की गरम, आत पाणी आहे की नाही, हे पाहायला सांगितले आहे. घट्ट आणि गार गाठ असेल तर उपाय नाही, असे ती गुंडाळी स्पष्ट म्हणते. आपल्याकडे सुश्रुताने निदानस्थानात ग्रंथी आणि अर्बुद असे दोन शब्द वेगळे ठेवले. अर्बुद म्हणजे गोल, हलवल्याने न हलणारे, फारसे न दुखणारे, खोल मुळाचे, सावकाश वाढणारे आणि न पिकणारे. या वर्णनातला एकेक शब्द आजही वैद्यकाच्या विद्यार्थ्याने पाठ करावा असा आहे. दुखत नाही म्हणून दुर्लक्ष करणाऱ्या आमच्या आयाबहिणींना तर तो 'न दुखणारे' हा शब्द मी मोठ्या अक्षरांत लिहून देईन. ग्रीकांनी गाठीभोवतीच्या फुगलेल्या शिरा पाहून तिला खेकड्याचे नाव दिले आणि तेच आपल्या 'कर्क' शब्दात आले.

हाताच्या विद्येची परिसीमा झाली ती लंडनच्या ॲस्टली कूपरमध्ये. त्याने १८२९ साली स्तनाच्या विकारांवर चित्रांसह एक ग्रंथ काढला, आणि तो मुद्दाम साध्या, न मारणाऱ्या विकारांवर काढला. रोख असा की प्रत्येक गाठ ही कर्करोगाची नसते हे शल्यवैद्यांना कळावे आणि नाहक सुरी चालू नये. तरुण मुलींच्या स्तनात बोटाखालून निसटणारी, गुळगुळीत, न दुखणारी गाठ असते, तिचे उत्तम वर्णन त्याने केले. क्षयाने स्तनात होणारी सूजही त्यानेच प्रथम नोंदवली. ही दुसरी गोष्ट आपल्या देशात फार महत्त्वाची. क्षयाची गाठ हाताला हुबेहूब कर्करोगासारखी लागते : घट्ट, वेडीवाकडी, कातडीला धरून बसलेली, काखेतही अवधाण उठलेले. जुन्या माराने चरबी मेलेली असली तरी तसेच. पाण्याची गाठ तट्ट भरली की दगडासारखी लागते. उलट एखादा कर्करोग इतका गोलसर, मऊ आणि सभ्य असतो की अनुभवी बोटेही फसावीत. कूपरचे हात असामान्य होते. पण विद्या अशी हवी की जी सामान्य हातांनाही साधेल.

ती काचेतून आली. सूक्ष्मदर्शक यंत्र सतराव्या शतकापासून होते, पण त्याच्या भिंगांतून वस्तूभोवती रंगीत झालरी दिसत, त्यामुळे खरे काय आणि भिंगाचा खेळ कोणता हे कळेना. लंडनच्या जोसेफ जॅक्सन लिस्टर या मद्याच्या व्यापाऱ्याने फावल्या वेळात गणित करून हा दोष कसा घालवावा ते १८३० साली दाखवले. (जंतुघ्न शस्त्रक्रियेचा जनक लॉर्ड लिस्टर तो याचाच मुलगा.) मग आठच वर्षांत, १८३८ साली, बर्लिनच्या योहानेस म्युलरने गाठींच्या सूक्ष्म रचनेवर ग्रंथ काढला. गाठ ही रक्त किंवा पित्त गोठून झालेली वस्तू नाही, शरीराच्या इतर भागांप्रमाणे तीही पेशींची बनलेली आहे, हे त्याने दाखवले. फॅनी बर्नी तेव्हा हयात होत्या. त्यांची गाठ मात्र केव्हाच मातीत गेली होती.

म्युलरचा शिष्य रुडॉल्फ फिर्खो. त्याने १८५८ च्या फेब्रुवारी, मार्च आणि एप्रिल या तीन महिन्यांत बर्लिनमध्ये वीस व्याख्याने दिली. म्हणजे तीही एक वसंत व्याख्यानमालाच झाली म्हणायची! त्यांचेच पुढे 'सेल्युलार पॅथॉलॉजी' हे जगप्रसिद्ध पुस्तक झाले. प्रत्येक पेशी दुसऱ्या पेशीपासूनच जन्मते आणि रोग म्हणजे पेशींचाच रोग, हा त्या पुस्तकाचा गाभा. पण मोठ्या माणसांच्या चुकाही मोठ्या असतात. कर्करोगाचा उगम आधार देणाऱ्या तंतुमय भागातून होतो असे फिर्खो धरून बसला. ते खरे नव्हे, तो अवयवाच्या अस्तराच्या पेशींतून उगवतो, हे टीर्श आणि वाल्डायर यांनी १८६५ ते १८६७ या सुमारास दाखवून दिले.

या सुमारास पॅरिसच्या वैद्यक अकादमीत जो वाद झाला तो मला फार बोधप्रद वाटतो. हेर्मान लेबेर या सूक्ष्मदर्शकवाल्याने १८४५ साली प्रतिपादले होते की कर्करोगाची एक विशिष्ट पेशी असते. ती दिसली की कर्करोग, न दिसली की नाही. किती सोपे! याच्याविरुद्ध उभा राहिला वेल्पो, शारिते इस्पितळाचा वयोवृद्ध शल्यवैद्य, १८५४ सालच्या स्तनविकारांवरील प्रचंड ग्रंथाचा कर्ता. त्याचे म्हणणे साधे होते. तुमच्या काचेने ज्या गाठी निरुपद्रवी ठरवल्या त्यांतल्या कित्येक मी पुन्हा उगवताना पाहिल्या आहेत आणि त्या बाया मेलेल्या पाहिल्या आहेत. मग मी तुमच्या काचेवर विश्वास का ठेवू? नवी विद्या आली की जुने लोक तिला हसतात, असा या वादाचा अर्थ पुष्कळजण लावतात. तो मला पटत नाही. वेल्पोचे अर्धे म्हणणे बरोबरच होते. एकट्या पेशीच्या कपाळावर 'मी कर्करोगाची' असे लिहिलेले नसते. तो चुकला तो एवढ्याच ठिकाणी की, दोष काचेत नव्हता, पाहण्याच्या रीतीत होता. एक पेशी पाहून भागत नाही. वस्ती पाहावी लागते.

वस्ती म्हणजे काय ते सांगतो. स्तनात दूध तयार करणाऱ्या बारीक पिंडांचे घोस असतात आणि त्यांतून दूध वाहून नेणाऱ्या नलिका. या नलिकांना आतून पेशींचे दोन थर असतात. आतला थर दुधाशी संबंधित, बाहेरचा थर आकुंचन पावून दूध पुढे ढकलणारा. दोहोंच्या बाहेर एक अतिशय पातळ पडदा, शेताला बांध असावा तसा. कूपरने वर्णिलेली मुलींची निसटती गाठ काचेखाली पाहिली तर पेशींची आणि तंतूंची गर्दी झालेली दिसते. नलिका दबून चिंचोळ्या झालेल्या असतात. पण दोन थर शाबूत असतात, बांध शाबूत असतो, आणि सगळ्या गाठीला बाहेरून रेखीव कडा असते. गर्दी खरी, पण रांगेतली. कर्करोगात बाहेरचा थर नाहीसा होतो, बांध फुटतो, आणि पेशी एकेरी ओळींनी किंवा घोळक्यांनी शेजारच्या चरबीत, तंतूंत, कधी रक्तवाहिनीत शिरलेल्या दिसतात. पेशींची केंद्रके मोठी, काळपट, एकाचा आकार दुसऱ्याशी न जुळणारा. विभागणी चाललेल्या पेशी जागोजाग. लंडनच्या ब्लूम आणि रिचर्डसन यांनी १९५७ साली यालाच गुण द्यायची पद्धत घातली : नलिका कितपत उरल्या आहेत, केंद्रके कितपत बिघडली आहेत, विभागणी किती आहे. त्या बेरजेवरून रोगाचा स्वभाव थंड की तापट हे सांगतात. पुढे १९९१ साली थोडी सुधारलेली तीच पद्धत आज चालू आहे.

हे सगळे दिसायचे तर तुकडा मुरवावा लागतो. आमच्या प्रयोगशाळेला मी नेहमी स्वयंपाकघर म्हणत आलो. तुकडा आधी फॉर्मॅलिनमध्ये टाकायचा म्हणजे तो सडत नाही. ही युक्ती १८९३ ची. मग त्यातले पाणी अल्कोहोलने काढायचे, त्या जागी पातळ केलेले मेण भरायचे, मेणाची वडी थापायची, आणि त्या वडीचे यंत्राने काप काढायचे. काप केवढा? डोक्याच्या एका केसाच्या जाडीत असे दहा-पंधरा काप बसावेत एवढा. तो काचपट्टीवर घेऊन रंगवायचा. निळा-जांभळा रंग मेक्सिकोकडच्या एका झाडाच्या लाकडाचा, गुलाबी रंग डांबरापासून केलेला. केंद्रके निळी, बाकीचे गुलाबी. दीडशे वर्षे झाली, हे दोन रंग बदललेले नाहीत. घाई केली की काप फाटतो, आणि म्हणून या कामाला एक-दोन दिवस हे लागतातच.

जिवंत माणसाचा तुकडा उपचाराआधी काढून तपासायचा, ही कल्पना रूढ केली बर्लिनच्या रूगे आणि फाइट या दोघांनी, १८७७-७८ च्या सुमारास. पण त्यांचा विषय गर्भाशयाचे मुख हा होता, स्तन नव्हे. १८७९ साली पॅरिसच्या बेस्निए या त्वचारोगतज्ज्ञाने 'बायॉप्सी' हा शब्द घडवला. मात्र तुकडा काढला म्हणजे काम झाले असे नाही, हे युरोपला लवकरच राजघराण्याच्या किमतीवर समजले. १८८७ साली जर्मनीचा युवराज फ्रीडरिख याच्या घशातील गाठीचा तुकडा खुद्द फिर्खोकडे गेला. त्याला त्यात कर्करोग दिसला नाही. शस्त्रक्रिया टळली. युवराज बादशहा झाला आणि ९९ दिवसांत, १५ जून १८८८ रोजी, कर्करोगाने वारला. फिर्खोने काचेखाली जे होते ते बहुधा बरोबरच वाचले. तुकडाच रोगाच्या जागेचा नसावा. तुकडा बोलतो तो तुकड्यापुरता, आणि रोगी समजतो की निकाल साऱ्या गाठीचा लागला.

स्तनाच्या बाबतीत शल्यवैद्य तुकडा काढायला आणखी एका कारणाने कचरत. गाठीत सुरी घातली तर रोग पसरेल, ही भीती. अमेरिकेत बाल्टिमोर येथे हॉल्स्टेडने १८९४ साली आपल्या ५० रोग्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. स्तन, खालचे छातीचे स्नायू आणि काखेतील गाठी, सगळे एका तुकड्यात काढायचे. पुढची जवळजवळ ऐंशी वर्षे ही शस्त्रक्रिया अमेरिकेत वेदवाक्यासारखी पाळली गेली. एवढी मोठी कापाकापी करायची तर आधी निदान पक्के हवे, हे ओघानेच आले. १८९१ मध्ये त्याच्याच इस्पितळात वेल्च या विकृतिशास्त्रज्ञाने हॉल्स्टेडसाठी स्तनाच्या गाठीचा तुकडा गोठवून लगेच पाहण्याचा प्रयत्न केला; पण असे सांगतात की काप तयार होईतो हॉल्स्टेडची शस्त्रक्रिया उरकलेली होती. १९०५ च्या जानेवारीत मिनेसोटातील मेयो क्लिनिकमध्ये लुई विल्सन याने ते साधले. रोगी टेबलावर असतानाच गाठ कोणती ते सांगा, अशी मेयोंची मागणी होती. बाहेर कडाक्याची थंडी. विल्सनने तुकडा खिडकीबाहेर ठेवून गोठवला, त्याचे काप घेतले, मेथिलीन ब्ल्यूने रंगवले आणि मिनिटांत उत्तर दिले. यंत्र पुढे सुधारले, तत्त्व तेच राहिले. इस्पितळाच्या बोलीत त्याला आज नुसते 'फ्रोझन' म्हणतात.

हा विद्येचा मोठा विजय होता. आता ज्या बाईसाठी ही खटपट चालली होती तिच्या जागी क्षणभर उभे राहा. तिला सांगितले जाई : भूल देऊ, गाठ काढू, दहा मिनिटांत तपासू, साधी असली तर टाके घालू, नसली तर लगेच सगळे काढू. या कागदावर सही करा. ती झोपी जाई ती आपण कशा उठू हे न कळता. शुद्धीवर आल्यावर पहिली हालचाल म्हणजे हात छातीकडे नेऊन पट्टी केवढी आहे हे चाचपणे. फॅनी बर्नींना निदान रुमालातून बोट फिरताना दिसले होते. हिला तेही दिसत नसे.

शिवाय काच नेहमी निःसंदिग्ध बोले असेही नाही. बाल्टिमोरच्याच ब्लडगुडने एक गोष्ट टिपली. लोकजागृतीमुळे बायका जसजशा लवकर येऊ लागल्या तसतशा गाठी लहान येऊ लागल्या, त्यांतल्या साध्या गाठींचे प्रमाण वाढले, आणि ओळखणे सोपे होण्याऐवजी अवघड झाले! त्याने सीमेवरच्या गाठींच्या काचपट्ट्या निरनिराळ्या तज्ज्ञांकडे धाडल्या. त्यांचे एकमत होईना. १९३२ साली त्याने हे छापून टाकले, याबद्दल मला त्याचा आदर वाटतो. आपल्या धंद्यातले मतभेद चव्हाट्यावर मांडायला धैर्य लागते. १९४१ साली न्यूयॉर्कच्या फुट आणि स्ट्यूअर्ट यांनी आणखी एक सरहद्द दाखवली : पेशी कर्करोगासारख्या, पण बांध न फुटलेला. याला रोग म्हणायचे की रोगाची सूचना, यावरचा वाद अद्याप मिटलेला नाही.

त्याच १९४१ साली, २८ फेब्रुवारीला, मुंबईत परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल उघडले आणि तिथल्या प्रयोगशाळांची सूत्रे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाती आली. आपल्याकडे विकृतिशास्त्राचा पाया घालणारे म्हणून त्यांचे नाव घेतात, ते उगीच नव्हे. तोवर आपल्या बहुतेक इस्पितळांत हा विभाग म्हणजे शवविच्छेदनाची खोली. खानोलकरांनी काचपट्टी जिवंत माणसाच्या उपचाराला जोडली आणि एवढ्यावर न थांबता पट्ट्या मोजायला लागले. कोणत्या समाजात कोणता कर्करोग अधिक? पारशी स्त्रियांत स्तनाचा, हिंदू स्त्रियांत गर्भाशयमुखाचा, हा मुंबईतला फरक त्यांच्या नोंदींतून जगापुढे आला. गाठ कापून फेकून न देता तपासली, तिची नोंद ठेवली, म्हणून हे दिसले.

आता पुन्हा अमेरिकेकडे वळू, कारण टेबलावरच्या त्या बाईची सुटका तिथेच व्हायची होती, आणि ती वैद्यांनी आपणहून केली नाही. १९७२ च्या नोव्हेंबरात शर्ली टेंपलच्या स्तनातील गाठ निघाली. जुन्या पिढीला ती कुरळ्या केसांची चिमुरडी नटी आठवत असेल. ती आता चव्वेचाळीस वर्षांची होती. तिने आधी फक्त तपासणी आणि निर्णय मग मी घेईन, असा आग्रह धरला आणि हे मासिकात लिहून जगाला सांगितले. १९७४ साली मेरीलँडमधील रोझ कुशनर या पत्रकार बाईंना गाठ लागली. त्यांनीही अट घातली : तुकडा आज काढा, मला जागे होऊ द्या, काय ते मला सांगा. अनेक शल्यवैद्यांनी नकार दिला. त्याच वर्षी सप्टेंबरअखेर राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांना इस्पितळात नेले तेव्हा कुशनरबाईंनी थेट व्हाइट हाउसला फोन लावला आणि दोन टप्प्यांत करा अशी विनवणी केली. राष्ट्राध्यक्षांचा निर्णय झाला आहे, असे त्यांना सांगण्यात आले. स्तन कोणाचा आणि निर्णय कोणाचा! बेटी फोर्ड यांना भूल दिली, काप गोठवून पाहिला, कर्करोग ठरला, आणि त्याच भुलीत मोठी शस्त्रक्रिया झाली.

कुशनरबाई गप्प बसल्या नाहीत. त्यांनी वैद्यकीय साहित्य वाचून काढले आणि पुस्तक लिहिले. अखेर जून १९७९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने भरवलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेने शिफारस केली की निदानाची तपासणी आणि उपचाराची शस्त्रक्रिया या दोन वेगळ्या गोष्टी असाव्यात. मध्ये काही दिवस जाऊ द्यावेत. मेणातला सावकाश काप गोठवलेल्या कापापेक्षा अधिक भरवशाचा असतो, हा त्यात फायदाच. त्या परिषदेच्या तज्ज्ञमंडळात कुशनरबाई स्वतः होत्या.

गंमत अशी की याहूनही सोपा मार्ग चाळीसहून अधिक वर्षे आधीच सापडलेला होता. न्यूयॉर्कच्या मार्टिन आणि एलिस यांनी १९३० साली सुईने गाठीतील पेशी शोषून काढून तपासल्याचे प्रसिद्ध केले होते. अमेरिकेत ते मागे पडले. विकृतिशास्त्रज्ञांना विखुरलेल्या पेशींवर निकाल द्यायला धीर होईना. वेल्पोचे भूत म्हणा! स्टॉकहोममध्ये मात्र पन्नास-साठच्या दशकांत ती कला जोपासली गेली आणि तिथून जगभर गेली. आपल्याकडे 'सुईची तपासणी' म्हणतात ती हीच. खर्च कमी, टाका नाही, बाई तासाभरात घरी. अलीकडे थोड्या जाड सुईने शेवयांसारखे बारीक तुकडे काढतात, म्हणजे नुसत्या पेशी नव्हे, त्यांची वस्तीही पाहायला मिळते, बांध फुटला आहे की नाही ते दिसते. हात, चित्र आणि सुई या तिघांची साक्ष एक झाली की मग निकाल. तिघांत न जुळले तर पुन्हा तपासणी. जर्मनीच्या युवराजाची गोष्ट आम्ही विसरलेलो नाही.

आणि बहुतेक गाठी साध्याच निघतात, हे मी इथे स्पष्ट सांगतो, कारण घाबरून घरी बसणे हा आपल्याकडचा मोठा रोग आहे.

दुसरा रोग याच्या उलटा. एक गोष्ट सांगतो. गाव आणि माणसे सांगत नाही. एका बाईची गाठ कुठल्याशा लहान दवाखान्यात काढली. टाके सुकले, बाई कामाला लागल्या. दीड वर्षाने त्याच जागी घट्ट गाठ आणि काखेत गोळे घेऊन त्या आमच्याकडे आल्या. मी विचारले, पहिल्या गाठीचा रिपोर्ट कुठे आहे? त्यांचे यजमान म्हणाले, "डॉक्टरसाहेब, गाठ तर काढूनच टाकली होती ना, मग तपासायची काय?" गाठ तिथेच बादलीत गेली होती. तपासणीचे पैसे वाचले असे सर्वांना वाटले होते. एकदा एकाने गाठ मिठाच्या पाण्यात घालून एस. टी.ने पाठवली. भर मे महिना. पोचली तेव्हा तिच्यात पाहण्यासारखे काही उरले नव्हते. फॉर्मॅलिनची बाटली काही महाग नसते हो.

याउलट दुसऱ्या एक बाई. मास्तरीण होत्या. आमच्याकडे त्यांची गाठ रीतसर आली, कर्करोगाचीच होती, शस्त्रक्रिया झाली, बरे चालले. बारा वर्षांनी त्यांच्या पाठीच्या मणक्यात रोग उठला. मणक्यातला तुकडा काढणे अवघड. पण दरम्यान एक नवी तपासणी आमच्यापर्यंत आली होती : पेशींच्या केंद्रकांत स्त्रीसंप्रेरक धरून ठेवणारे घटक आहेत की नाहीत हे रंगवून पाहायची. ते असले तर नुसत्या गोळ्यांनी रोग पुष्कळ काळ आवरतो. त्यांची मूळ गाठ निघाली तेव्हा ही सोय आमच्याकडे नव्हती. मी आमच्या जुन्या सहायकाला मागच्या खोलीत पाठवले. तिथे लाकडी खणांतून वर्षांवर्षांच्या मेणाच्या वड्या ओळीने लावलेल्या असतात. तासाभराने धुळीने माखून तो आला. हातात अंगठ्याच्या नखाएवढी पिवळट वडी, तिच्यावर बारा वर्षांपूर्वीचा क्रमांक. आम्ही तिचा नवा काप घेतला, रंगवला. केंद्रके एकूण एक तपकिरी उठली होती. संध्याकाळी मास्तरीणबाई आल्या तेव्हा रिपोर्ट मी त्यांच्या मुलाकडे न देता त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि उभ्याउभ्याच वाचायला सुरुवात केली.